मार कुठपर्यंत गेला?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

३१ वर्षं मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपल्या आयटीआयमध्ये, जोडारी हा व्यवसाय शिकवला. जोडारी म्हणजे फिटरचं काम. कानस कशी धरावी, गुण्या कसा लावावा, यंत्राला संरक्षक जाळी का असते, हे मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो. आज सांगणार आहे ती गोष्ट मात्र माझ्याच हातून मोडलेल्या एका यंत्राची आणि त्याच्या दुरुस्तीची आहे. यंत्र आपल्याकडे फारसं दिसत नाही, पण त्याच्या दुरुस्तीत जे शिकायला मिळालं ते कुठल्याही फिरत्या यंत्राला लागू पडावं.

२०१४ च्या मे महिन्यात मी आणि सौभाग्यवती मुलीकडे अमेरिकेत ओहायो राज्यात गेलो होतो. घर गावाबाहेर, भोवती दोन एकर मोकळी जमीन आणि त्या सगळ्या जमिनीवर गवत. मे महिन्यात तिकडे पाऊस आणि ऊन दोन्ही भरपूर, त्यामुळे आज कापलेलं गवत आठवड्यात पुन्हा घोट्याच्या वर येतं. ते वाढू देऊन चालत नाही. गवत ठरावीक उंचीच्या वर गेलं की घरमालकाला नोटीस येते, असे नियम तिथल्या अनेक गावांत आहेत. जावयाचे शनिवार या गवतात जात होते. मी म्हटलं, मी रिकामाच आहे, हे काम माझ्याकडे द्या.

त्यासाठी त्यांच्याकडे जुना गार्डन ट्रॅक्टर होता. आपल्या शेतातल्या ट्रॅक्टरचं नातवंड म्हणावं एवढाच. बसायला एक आसन, पुढे इंजिन आणि पोटाखाली पात्यांची पेटी. याच्यासारखाच दिसणारा लॉन ट्रॅक्टर हलका असतो आणि फक्त गवत कापतो. गार्डन ट्रॅक्टरची चौकट आणि गिअरपेटी दणकट असते, त्याला छोटा नांगर किंवा बर्फ लोटायचं फाळकंही जोडता येतं. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ मध्ये कब कॅडेट आणला, जॉन डिअरने १९६३ मध्ये ११० हे मॉडेल काढलं आणि अशी यंत्रं तिथल्या घराघरांत गेली. आमचा ट्रॅक्टर या दोन्हींपैकी नव्हता. कुठला होता ते सांगायचं कारण नाही, कारण दोष यंत्राचा नव्हता.

हे यंत्र गवत कापतं कसं, ते आधी पाहू. आपण विळ्याने गवत कापतो तेव्हा डाव्या हाताने मूठ धरतो आणि उजव्या हाताने ओढतो. डावा हात नसेल तर गवत नुसतं वाकतं. १८३० मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग यांनी गवत कापायच्या पहिल्या यंत्राचं पेटंट घेतलं. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरायचं यंत्र पाहून त्यांना ते सुचलं होतं. त्यात फिरत्या पात्यांखाली एक स्थिर पातं होतं. कात्रीसारखंच काम, म्हणजे डावा हात होताच. ट्रॅक्टरखालच्या पेटीत तो नाही. तिथे पालथ्या घातलेल्या परातीसारखी पोलादी पेटी असते, तिला तिकडे डेक म्हणतात. तिच्या आत दोन आडवी पाती गरगर फिरतात. गवताला धरायला कोणी नाही, म्हणून त्याला वाकायला सवड मिळायच्या आत तोडावं लागतं. डाव्या हाताचं काम वेग करतो.

हा वेग किती? आमचं पातं २१ इंच लांब होतं आणि मिनिटाला सुमारे ३,३०० फेरे घेत होतं. आकडेमोड घरी करून पाहा. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ९० मीटरच्या वर, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. अमेरिकेतल्या मानकाने टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फूट ही मर्यादा घातली आहे. आमचं पातं त्या मर्यादेच्या आत होतं, पण फार आत नव्हतं.

पेटीच्या उजव्या अंगाला कापलेलं गवत बाहेर पडायचं तोंड असतं. त्यावर स्प्रिंग लावलेली एक झडप असते. ती गवताला खाली, जमिनीकडे वळवते. त्या सकाळी गवत ओलं होतं. तोंडाशी सारखा चिखलासारखा लगदा साचायचा, इंजिन थांबवून, उतरून काठीने काढावा लागायचा. तीनदा उतरल्यावर मी कंटाळलो. तारेचा एक तुकडा घेतला, झडप वर उचलली आणि पाय ठेवायच्या फळीला बांधून टाकली. लगदा साचायचा थांबला. स्वतःवर खूश होऊन मी पुढे निघालो.

शेडच्या अलीकडे मेपलचं एक झाड कधीतरी तोडलेलं होतं. त्याचा खुंट गवतात बुडाला होता. डाव्या पात्याने तो घेतला. 'धाड' असा आवाज झाला, ट्रॅक्टर जागच्या जागी हबकला, पाठोपाठ रबर जळल्याचा वास आला. मी पाती बंद केली, इंजिन बंद केलं. खाली उतरून खुंट पाहिला, त्यावर चार बोटं रुंद पांढरी खाच पडली होती. आणि मग ३१ वर्षांच्या मास्तराने काय करावं? पुन्हा इंजिन सुरू केलं आणि पाती लावून पाहिली. पाच सेकंदांत सगळा ट्रॅक्टर थंडी वाजल्यासारखा थरथरायला लागला, तेव्हा बंद केला. असं करू नये. वाकलेलं पातं किंवा तडा गेलेला भाग पुन्हा त्या वेगाने फिरवणं म्हणजे पहिल्या माराने जे अर्धवट राहिलं ते पुरं करायची संधी देणं.

संध्याकाळी जावई म्हणाले, "बाबा, जाऊ द्या, दुकानात देऊ." पण दुकानदाराकडे तीन आठवड्यांची रांग होती आणि मजुरीचा ताशी दर ऐकून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. म्हटलं, मोडलं मी, जोडणारही मीच. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत होते. आयुष्यभर शेती केलेले. त्यांच्याकडे वेल्डिंगचं यंत्र आणि सगळी हत्यारं होती. ते म्हणाले, मी हात लावीन, पण माझ्या पद्धतीने. त्यांची पद्धत एका प्रश्नाची होती. काय मोडलं, हे ते विचारत नसत. 'मार कुठपर्यंत गेला?' असं विचारत.

ही विचारण्याची रीत मला फार आवडली. अपघातात मोडलेला भाग दिसतोच. तो बदलला की दुरुस्ती झाली असं वाटतं. पण मार पात्याच्या टोकाला बसला, तिथून तो पात्यातून मधल्या दांड्यात, म्हणजे स्पिंडलमध्ये गेला, दांड्यातून बेअरिंगमध्ये, बेअरिंगमधून त्यांच्या ओतीव घरात, घरातून पेटीच्या पत्र्यात. दुसऱ्या वाटेने तो पुलीवर, पुलीवरून पट्ट्यावर, पट्ट्यावरून इंजिनाच्या क्लचवर आणि क्रँकवर. या दोन्ही वाटा टोकापर्यंत चालून पाहायच्या आणि मार कुठे थांबला ते शोधायचं.

सुरुवातीला किल्ली काढून घेतली, स्पार्क प्लगची वायर उपटून बाजूला बांधली आणि बॅटरीची ऋण तार सोडली. जॅकवर उचललेल्या यंत्राखाली झोपायचं नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही, पण मी खाली वाकायला लागल्यावर नुसतं पाहिलं. ट्रॅक्टर आडवाही पाडायचा नसतो, पेट्रोल आणि ऑइल नको तिथे शिरतं. आम्ही पेटीच सोडवली. उंचीचा दांडा सर्वांत खाली घेतला, पट्टा क्लचच्या पुलीवरून उतरवला, चार खिळी काढल्या आणि पेटी उजवीकडून ओढून घेतली. गवताचा इंचभर थर खरवडायला एक तास गेला. खरवडल्याशिवाय तडा दिसत नाही.

आता पातं वाकलंय की दांडा, हे कसं ओळखायचं? ही परीक्षा सोपी आहे आणि सुंदर आहे. पेटीच्या कडेवर खडूने एक खूण करायची. पात्याचं एक टोक त्या खुणेशी आणून उंची मोजायची, मग हाताने अर्धा फेरा देऊन दुसरं टोक त्याच खुणेशी आणायचं. हातमोजे घालून. दोन्ही उंचींत एक सुतापेक्षा, म्हणजे एक अष्टमांश इंचापेक्षा, जास्त फरक आला तर काहीतरी वाकलं आहे. आमचा फरक साडेतीन सूत आला. मग पातं सोडून दांड्यावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायचं आणि परत मोजायचं. फरक पात्याबरोबर फिरला तर पातं वाकलं, दांड्यापाशीच राहिला तर दांडा वाकला. आमच्याकडे थोडा फिरला, थोडा राहिला. दोन्ही वाकले होते.

पातं टाकून द्यायचं, त्यात वाद नव्हता. वाद दांड्यावर झाला. मी म्हटलं, दाबयंत्र असेल तर मी हा सरळ करून देतो. अशी कामं मी शेकड्यांनी केली आहेत. ते म्हणाले, "सरळ होईल हो, पण तो राहील का?" पोलाद एकदा त्याच्या मर्यादेपलीकडे वाकलं की आतून बदलतं. उलट वाकवून सरळ केलं तर डोळ्यांना सरळ दिसतं, पण त्यात सूक्ष्म चीर राहू शकते. ३,३०० फेऱ्यांनी तासाला जवळजवळ दोन लाख वेळा त्या जागेवर ताण येणार. हळू चालणाऱ्या गाड्याचा कणा सरळ करावा, हा नाही. मी हरलो आणि बेअरिंग व घरासकट सगळा जोडच नवा मागवला. मॉडेलचा क्रमांक आसनाखालच्या पट्टीवर असतो. त्याशिवाय तिकडे एक वायसरसुद्धा मिळत नाही.

नव्या ओतीव घराच्या भोकांना आटे नव्हते. मला वाटलं, चुकीचा माल आला. तर तसं नव्हतं. अॅल्युमिनियम मऊ असल्याने पोलादी बोल्ट स्वतःच आटे पाडत आत जातात. पहिल्यांदा पिळताना जीव खालीवर होतो, बोल्ट तुटेलसं वाटतं. सरळ धरून, थोडं पुढे थोडं मागे असं पिळत नेलं की बसतात.

घराखालचा पत्रा फाटला होता. भोकापासून दोन इंच लांब तडा. वेल्डिंग करायच्या आधी त्यांनी तड्याच्या अगदी टोकाशी एक छोटं भोक पाडलं. हे मी मुलांना फळ्यावर शिकवलं होतं, करताना प्रथमच पाहत होतो. तड्याचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं. पत्र्यावरचा सगळा ताण त्या टोकाशी गोळा होतो, म्हणून तडा पुढे पुढे सरकतो. तिथे गोल भोक पाडलं की ताण गोलाईवर पसरतो आणि तड्याला पुढची वाट सापडत नाही. नुसतं वरून वेल्डिंग ओढलं असतं तर ते वेल्डच्या कडेने पुन्हा फाटलं असतं. मग रंग खरवडून, पत्रा ठोकून सपाट करून, मागून एक जाड पट्टी लावून त्यांनी जोड दिला.

दुसऱ्या वाटेवर बातमी चांगली होती. पट्टा एका बाजूने जळून काचेसारखा गुळगुळीत झाला होता, पण तिथेच मार संपला होता. हाताने ढकलायच्या यंत्रात पातं थेट इंजिनाच्या क्रँकवर असतं. तिथे असा खुंट लागला तर क्रँक वाकू शकतो, किंवा फ्लायव्हीलची छोटी चावी कापली जाऊन ठिणगीची वेळ बिघडते आणि इंजिन सुरूच होत नाही. आमच्या ट्रॅक्टरमध्ये मधे पट्टा होता. तो घसरला, जळला आणि इंजिन वाचलं. घसरतो म्हणून पट्ट्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

म्हणजे हिशोब लागला, असं मला वाटलं. पण शेजारी जुनं पातं हातात घेऊन उलटंसुलटं करत होते. म्हणाले, "हा पंख कुठे आहे?"

पात्याच्या धारेमागचा भाग वर वळवलेला असतो, त्याला मी पंख म्हणतो. तो पंख्यासारखी हवा ओढतो, गवत उभं करतो आणि कापलेलं बाहेर फेकतो. जमिनीतली वाळू त्या हवेबरोबर फिरते आणि पंख जिथे वळतो तिथे पोलाद झिजवत राहते. झीज वाढली की वळणाशी फट पडते. अशी फट दिसली की पातं त्याच दिवशी टाकावं, धार कितीही चांगली असो. आमच्या पात्याचा एका बाजूचा पंख वळणापाशी कागदासारखा पातळ झाला होता आणि दुसऱ्या बाजूला पंखच नव्हता. तुटल्याची कड ताजी, चकचकीत होती. दोन बोटं रुंद पोलादाचा तुकडा कुठेतरी गेला होता.

आम्ही खुंटाभोवती शोधलं, पेटीत शोधलं. मग शेजाऱ्यांची नजर पाय ठेवायच्या फळीकडे गेली. तिला तार अजून बांधलेली होती. ते काही बोलले नाहीत. खुंटापाशी उभे राहिले, अपघाताच्या वेळी ट्रॅक्टरची उजवी बाजू जिकडे होती तिकडे तोंड केलं आणि सरळ चालत गेले. वीसेक पावलांवर शेड होती. तिच्या लाकडी भिंतीत, माझ्या मांडीच्या उंचीवर, तो तुकडा निम्म्याहून अधिक रुतून बसला होता. त्या भिंतीशी माझ्या साडेतीन वर्षांच्या नातीची वाळूची पेटी होती. मी ट्रॅक्टर सुरू केला तेव्हा ती तिथे खेळत होती. आईने नाश्त्याला हाक मारली म्हणून ती आत गेली होती. ती आत गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. ती तिथे आहे की नाही, हेच मी पाहिलं नव्हतं.

झडप खाली असती तर तो तुकडा बहुधा तिच्यावर आपटून जमिनीत गेला असता. झडप त्यासाठीच असते. गवत वळवणं हे तिचं दुय्यम काम. आयटीआयमध्ये ग्राइंडरची जाळी काढणाऱ्या मुलाला मी वर्गाबाहेर उभं करत असे. आपल्याकडे बागांमध्ये हल्ली खांद्यावरची गवत कापायची यंत्रं आली आहेत. त्यांची पाती याहूनही जास्त फेऱ्यांनी फिरतात, आणि 'अडचण होते' म्हणून त्यांचं कवच काढून ठेवलेलं मी कितीदा पाहिलं आहे. आता मला त्यांना बोलायला तोंड राहिलं नाही, म्हणून सांगतो आहे.

रात्री मी मुलीला सगळं सांगितलं. तारेचंही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही?" एवढंच. दुसऱ्या दिवशी तिने घरात नियम केला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाच आहे की गवत कापताना सहा वर्षांखालची मुलं घराच्या आत असावीत, आणि सोळा वर्षांखालच्या कोणी बसायचं यंत्र चालवू नये. मांडीवर नातवंड घेऊन फेरी मारणारे आजोबा तिकडे पुष्कळ दिसतात. त्यात मी होतो की नाही, हे विचारू नका.

उरलेली दुरुस्ती मग वेगळ्या मनाने झाली. झडपेची स्प्रिंग गंजली होती, ती नवी आणली. झडप हाताने उचलून सोडली की आपटून बंद व्हायला हवी, रेंगाळायला नको. उजवं पातं शाबूत होतं, पण तेही झिजलं होतं, म्हणून दोन्ही नवी घेतली. पंख वर, पेटीच्या छताकडे. बोल्ट पुस्तकातल्या आकड्याइतका मापाच्या पान्याने आवळला. पेटी चढवण्याआधी चारही चाकांची हवा मोजली. हे बहुतेक जण विसरतात. एका चाकात हवा कमी असेल तर पेटी समतल करण्यात अर्थ नाही. मग सपाट फरशीवर उजवी-डावी बाजू एका सुताच्या आत आणली आणि पुढचं टोक मागच्यापेक्षा दीड सूत खाली ठेवलं. पुढे खाली ठेवल्याने गवत पुढेच कापलं जातं, मागे तेच गवत पुन्हा घासत इंजिनावर बोजा येत नाही. खुंट जमिनीलगत कापून घेतला आणि त्यावर पांढरा रंग दिला.

शेवटची परीक्षा आसनाखालच्या बटणाची. पाती चालू असताना चालक आसनावरून उठला तर इंजिन बंद पडलंच पाहिजे, अशी ती विजेची जोडणी असते. खडबडीत जमिनीवर उडी बसली की ती नाहक इंजिन बंद करते, म्हणून पुष्कळजण दोन तारा जोडून तिला निकामी करतात. आमच्या ट्रॅक्टरची कोणीतरी आधीच केलेली होती. मी तारा सोडवल्या, बटण नवं बसवलं.

रविवारी सकाळी ट्रॅक्टर बाहेर काढला. मुलगी दारात उभी होती. मी पाती लावली आणि आसनावरून उठलो. इंजिन बंद पडलं. ती म्हणाली, "परत एकदा करून दाखवा." मी परत बसलो, सुरू केलं, पाती लावली, उठलो. परत बंद पडलं. तिने मान हलवली, नातीला काचेच्या दाराआड खुर्ची टाकून बसवलं, दार लावून घेतलं आणि मग मला हात केला.